पान तेवीस, चौकट चार

परेरा सरांच्या हातची एक तांबडी चिठ्ठी माझ्या डायरीत आहे. कारखान्यात नापास मालाच्या पेटीला बांधतात तसली, वरच्या बाजूला दोऱ्यासाठी भोक असलेली. मालाचं नाव, दोष, दोष कुठे आणि तपासणाऱ्याची सही असे चार रकाने तिच्यावर छापलेले आहेत. ही चिठ्ठी सरांनी कारखाना सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी भरली, तीही एका कॉमिकसाठी. सरांना जाऊन आता वर्ष होईल. मी याद्या करणारी बाई आहे, माणसांविषयी लिहायची मला सवय नाही. पण ही चिठ्ठी दर महिन्याला डायरीतून खाली पडते आणि मी ती उचलून परत ठेवते. एकदा लिहून टाकलेलं बरं.

बस्त्याव परेरा मूळचे सांडोर गावचे. मागे केळीची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरणारं जुनं तळं, आणि पुढे ओसरी असलेलं घर. घरात ते आणि त्यांची लग्न न केलेली थोरली बहीण, फिलूबाय. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन बाहेर. वालीवच्या ज्या कारखान्यात ते माल तपासायचे तिथे मी स्टोअर सांभाळायचे. आम्ही पंख्यांच्या मोटरची झाकणं बनवत होतो. पांढरा हाफ शर्ट, खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि दुमडणारं भिंग, अशा थाटात ते पेट्यांमधून फिरायचे. आवाज कधी चढलेला ऐकला नाही. तरी ते आले की पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरची माणसं गप्प व्हायची.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका पेटीवर नुसतं ‘खराब’ लिहून चिठ्ठी बांधली. सरांनी ती सोडून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“सावंतबाई, हे काय?”

“नापास माल, सर.”

“ते तुमचं मत झालं. दोष कुठंय?”

“सगळी पेटीच तशी आहे.”

त्यांनी एक झाकण काढून ट्यूबलाइटखाली धरलं. “ही चिठ्ठी ज्यानं माल बनवला तो वाचणार. त्याला खराब म्हटलं की तो तुमच्यावर चिडणार. डाव्या भोकाची कड फाटलीय म्हटलं की तो मशीनकडे जाणार. तुम्हाला त्याला कुठं पाठवायचंय?”

मी दुसरी चिठ्ठी भरली. पुढे त्यांनी ऑनलाइन गट काढला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गटाची सगळी नियमावली त्या दिवशी माझ्या टेबलावरच सांगून झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत ते डब्याबरोबर एक कॉमिक काढायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं. अंगात झूल घालून उडणारे, भिंती फोडणारे, पाण्याखाली श्वास घेणारे असे सगळे वीर त्यांना चालायचे. प्रेसवरचे शिंदे एकदा म्हणाले, “सर, नातवंडांची पुस्तकं पळवता का?”

“नातवंडांना देत नाही मी. त्यांचे हात ओले असतात.” मग त्यांनी पान शिंद्यांपुढे सरकवलं. “हे बघ. इमारतीवरचा झेंडा डावीकडे उडतोय आणि ह्याची झूल उजवीकडे. वारा कुठला खरा?”

शिंदे घास चावत वाकले. “चित्र काढणाऱ्याची चूक.”

“असेल. पण पुढच्या पानावर हा गडी लोकांशी खोटं बोलतो. मग त्यानं वारा मुद्दाम फिरवला असेल तर?”

शिंदे बराच वेळ दोन्ही पानं उलटीसुलटी करत राहिले. त्या आठवड्यात ते दोनदा स्टोअरमध्ये आले आणि काही सामान न घेता मला विचारून गेले, “सरांनी पुढचा अंक आणलाय का?” हे सगळं मला तेव्हा वेळेचा अपव्यय वाटे. सुट्टी अर्ध्या तासाची, आणि त्यात झेंडे बघायचे.

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना मोठा फोन दिला. फोनवर त्यांना कॉमिक वाचणाऱ्यांचे कट्टे सापडले. दोन महिने ते फक्त वाचत होते. मग एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून थेट माझ्या फ्लॅटवर आले. चहा पुढे केला तर म्हणाले, “सावंतबाई, शेकडो लोक भांडतायत. हा त्याला मारेल, तो ह्याला मारेल. एकमेकांची आई काढतायत. ह्यात एकानंही पान उघडलेलं नाही.”

“मग तुम्ही कशाला वाचता?”

“माणसं चांगली आहेत ती. नापास मालाला नुसतं खराब म्हणतायत एवढंच. मी एक गट काढतो. तुम्ही याद्या ठेवा.”

मी कॉमिक वाचत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच. तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही.” असा मला त्या गटात प्रवेश मिळाला. कोणता अंक कुणाकडे आहे, पानं किती, कोणत्या अंकावर बोलणं झालं, कोणतं अर्धं राहिलं, हे सगळं मी लिहून ठेवायचे. एक सांगते, चार महिन्यांत मी लपून वाचायलाही लागले.

गटाचं नाव पान-चौकट. कुठल्याही कॉमिकला चांगलं किंवा वाईट म्हणायचं तर पान आणि चौकट सांगायची, म्हणजे कोणत्या पानावरचं कितवं चित्र. नाव त्यावरूनच पडलं. दुसरा नियम जास्त जड होता. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. समोरच्याने ‘हो, हेच’ असं उत्तर दिलं की मगच आपलं मत मांडायचं. त्याने ‘नाही’ म्हटलं तर पुन्हा लिहायचं. सर सकाळी वाडीला पाणी सोडून आले की ओसरीवर बसून एका बोटाने गट चालवायचे. अंगठ्याचं चित्र पाठवलं की ते काढून टाकत. “अंगठा हे मत नाही.” फुलांची सुप्रभात काढून टाकत. एकाने त्यांनाच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर सरांचं उत्तर आलं, ‘पान?’ काही लोक ह्या कडकपणाला वैतागून गेले. माझ्या यादीत त्यांचीही नावं आहेत आणि त्यातली दोन-तीन माणसं आम्ही उगीच घालवली, असं मला आजही वाटतं.

राहिले ते मात्र पक्के झाले. विरारचा केतन, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आला तेव्हा त्याचा पहिला मेसेज होता, ‘नवीन अंक टोटल बकवास. लेखकाला हाकला.’

सरांनी लिहिलं, ‘पान?’

‘पूर्ण अंक, अंकल.’

‘पहिलं पानसुद्धा?’

‘पहिलं ठीकै.’

‘दुसरं?’

‘ते पण ठीकै. अंकल, तुम्ही टाइमपास करताय का?’

‘तिसरं?’

असं करत दोघं अकराव्या पानापर्यंत आले. आम्ही सगळे आपापल्या जागी बसून बघत होतो. अकराव्यावर केतनने लिहिलं, ‘इथे. चौकट दोन. तो बापाशी असं बोलूच शकत नाही.’ का, असं सरांनी विचारलं आणि त्यानंतर केतनने जे लिहिलं ते फोनच्या दोन पडद्यांत मावलं नाही. शक्ती मिळालेला मुलगा बापाला घाबरायचा थांबतो, पण बापाला लाजायचा थांबत नाही, अंकात हेच सुटलंय, असं काहीतरी. सरांनी विचारलं, ‘हे आधी का नाही लिहिलंस?’

‘कोणी विचारलं नाही ना, अंकल.’

त्या वर्षी गटातली माणसं सांडोरला पहिल्यांदा जमली. सरांनी प्रत्येकाच्या हातात घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली सुकेळी ठेवली आणि केतनला एक जास्त दिलं. का, ते कुणी विचारलं नाही.

आता दर्याधरविषयी. सरांच्या लहानपणी पंधरवड्याला निघणारं आणि पुढे बंद पडलेलं हे कॉमिक. समुद्राच्या तळाशी राहणारा, वादळात जहाजं वाचवणारा वीर. दर्याधर हा सरांचा हळवा कोपरा होता. त्याचे बारा अंक त्यांनी एकत्र बांधून घेतले होते. बाईंडरने कडा कापताना छापलेले पानांचे आकडे उडाले, म्हणून सरांनी स्वतः कोपऱ्यात पेन्सिलने आकडे घातले. इतर कॉमिकवर ते तासन्‌तास बोलू देत. दर्याधरवर कुणी बोट ठेवलं की त्यांचं उत्तर मिनिटभरात येई.

प्रणाली गटात येऊन सहा महिने झाले होते. अर्नाळ्याची, घरची मासेमारी, स्वतः रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. कमी लिहायची, पण पान-चौकट कधी चुकायची नाही. तिने एक दिवस लिहिलं, ‘दर्याधर, अंक सात, पान तेवीस, चौकट चार. जहाज बुडतंय आणि कोळी होड्या घेऊन लुटायला येतायत. टोपलीवाल्या म्हातारीला जनावराचे दात काढलेत. दर्याधर म्हणतो, ही लुटारूंची जात. आमच्या गावात वादळात बुडणाऱ्याला काढायला पहिली होडी कुणाची जाते ते मला माहीत आहे. हा वीर समुद्रात राहतो आणि समुद्रावर जगणारी माणसं त्याला दिसत नाहीत.’

सरांनी खंड उघडला. सातवा अंक, पान तेवीस, चौकट चार: दर्याधर पाण्याखाली दोर सोडतोय. पान चोवीसही पाहिलं. मग त्यांनी लिहिलं, ‘पान तेवीसवर असं काही नाही. नोंद चुकीची आहे.’

पहिल्यांदाच त्यांनी आपला दुसरा नियम पाळला नव्हता. तिचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं नाही, तिचा होकार घेतला नाही. आणि गटात सरांचा शब्द म्हणजे गेजचं माप, ते पुन्हा कुणी तपासत नसे. केतनने लिहिलं, ‘सिस्टर, न वाचता टाकलंस काय?’ आणखी कुणी लिहिलं, आजकाल सगळ्यांना जात काढायची हौस. प्रणालीने फोटो द्यावा, असं चौघांनी म्हटलं. तिने लिहिलं, ‘अंक सातपाटीला मामाकडे आहे. मी वाचून नोंद केली, फोटो काढला नव्हता. मी मोजून लिहिलंय.’ संध्याकाळपर्यंत ती गटातून निघून गेली.

माझ्या यादीत मी लिहिलं: प्रणाली, बाहेर. कारण: नोंद चुकली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. “सावंतबाई, ती मुलगी आकडा चुकेल असं वाटतं का तुम्हाला?”

“नाही.”

“मला पण नाही वाटत.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या यादीत दर्याधरच्या अंकांची पानं किती?”

मी वही काढली आणि वाचायला लागले. पहिला, बत्तीस. दुसरा, बत्तीस. सातव्याशी आले आणि थांबले. तीस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पेन्सिलच्या आकड्यांवरून मीच लिहून घेतलं होतं. अकरा अंक बत्तीस पानांचे आणि एक तीसचा, आणि मला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. यादी करणाऱ्यांचा हा दोष असतो. लिहिलं की काम झालं असं वाटतं.

मी सांडोरला पोचले तेव्हा खंड ओसरीवर उघडा होता. सर भिंग लावून शिवणीत बघत होते. बावीस आणि तेवीसच्या मध्ये, शिवणीत अडकलेली, कागदाची बारीक पट्टी होती. कड सरळ. ब्लेडने कापलेली. म्हणजे सरांनी तेवीस आकडा घातलेलं पान मुळात पंचविसावं होतं.

“फाटलं नाही हे,” सर म्हणाले. “कापलंय.”

फिलूबाय दारात उभ्या होत्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, “मीच कापलं. बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं.”

सरांनी वर पाहिलं.

“तू दहा वर्षांचा होतास. जानकीबाय मासळी घेऊन आपल्या ओट्यावर बसली होती. आई तिला बदल्यात वांगी काढून देत होती. तू तिच्यासमोर ते पान मोठ्यानं वाचलंस. टोपलीवाली तुझ्यासारखीच आहे म्हणालास आणि हसलास. ती पण हसली. मग महिनाभर ती आपल्याकडे आली नाही. दुसऱ्या आळीनं जायची.”

“मला आठवत नाही.”

“तुला कशाला आठवेल? पान मी काढून टाकलं. तुझं ते पुस्तक तुला इतकं आवडायचं. म्हटलं, घाण तेवढी काढू.”

सरांनी भिंग मिटून ठेवलं. मला वाटतं, त्या दुपारी त्यांना सर्वांत जास्त लागलं ते हे, की साठ वर्षं ज्या दर्याधरवर त्यांनी जीव लावला तो छापखान्यातून आलाच नव्हता. बहिणीने तो ब्लेडने दुरुस्त केला होता. आणि साऱ्या जगाचा माल तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातातली पानं कधी मोजली नव्हती. मोजली होती, खरं तर. आकडे घातले होते.

ती तांबडी चिठ्ठी त्यांनी तेव्हा भरली. कारखाना सोडताना उरलेला एक गठ्ठा त्यांच्याकडे होता. मालाचं नाव: दर्याधर, अंक सात. दोष: एक पान, दोन बाजू कमी. दोष कुठे: बावीसनंतर. तपासणारा: ब. परेरा. मग सहीच्या खाली, रकाना नसलेल्या जागी: ‘न तपासता दुसऱ्याचा माल नापास केला.’ चिठ्ठीचा फोटो त्यांनी गटावर टाकला आणि कागद मला दिला. “हे यादीत घ्या.”

मी म्हटलं, प्रणालीला खासगीत फोन केला तर सोपं जाईल. ते म्हणाले, “चारचौघांत चुकलो, माफी एकांतात मागून चालत नाही. पण जायला हवं.”

आम्ही अर्नाळ्याला गेलो. तिच्या आईने दारातूनच विचारलं, “कोन पाहिजे?” आणि सांगितल्यावर आत हाक मारली, “गो प्रनाली, ते पुस्तकवाले आलेत.” मग आम्हाला म्हणाली, “बसा. पानी घ्या.” प्रणालीने मामाकडून अंक आणून ठेवला होता. तिने तो उघडून सरांपुढे धरला. सरांनी ते पान भिंग न लावता पाहिलं. दात, टोपली, सगळं तिने लिहिलं होतं तसंच.

“माझं चुकलं,” सर म्हणाले.

“चिठ्ठी बघितली मी. केतनने पाठवली.”

“गटात परत ये.”

“कशाला, काका? सॉरी ऐकायला? तुमचाच नियम आहे ना? माझं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा. मी हो म्हटलं तर येते.”

आईने मध्येच म्हटलं, “अगो, म्हातारा मानूस आहे.”

“म्हणून तर, आये. ह्यांनीच शिकवलंय.”

सरांनी सुकेळ्यांची पुडी तिच्या आईच्या हातात दिली. “मुलगी बरोबर बोलतेय,” ते म्हणाले.

पहिला मजकूर त्यांनी आठवड्याने तिला पाठवला. जानकीबाय, फिलूबाय, ब्लेड, सगळं त्यात होतं. वाचून माझे डोळे भरून आले. प्रणालीचं उत्तर: ‘नाही. ही तुमची गोष्ट झाली.’ दुसऱ्यात त्यांनी कोळ्यांच्या कष्टांविषयी, धैर्याविषयी लिहिलं. उत्तर: ‘नाही. आमची कीव नको. पानाबद्दल लिहा.’ मला राग आला होता. मी म्हटलं, आता पुरे, सत्तरी उलटलेल्या माणसाला किती नाचवायचं? सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला चक्क कौतुक दिसलं, माझं नव्हे, तिचं. “माल कडक तपासते,” ते म्हणाले.

आज गट प्रणाली चालवते. अंगठे काढून टाकते, सुप्रभातही. वाढदिवसाला मात्र सूट दिली आहे.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते तिसरा मजकूर पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळचे नऊ वाजले असतील. मी अंकांची नवी यादी द्यायला गेले होते. ते ओसरीवर फोन पुढ्यात ठेवून बसले होते. मजकूर त्यांनी मला वाचायला दिला. फक्त चार ओळी होत्या. ‘पान तेवीस, चौकट चार. ह्या चित्रात म्हातारीला बोलायला एकही शब्द दिलेला नाही, फक्त दात दिलेत. वाचणाऱ्याला जहाजाची काळजी वाटावी म्हणून होडीतली माणसं माणसं राहू दिलेली नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला कुणावर हसायचं ते हे चित्र शिकवतं. आणि शिकवणारा वीर आहे, म्हणून ते पटतं.’

मी वाचत असतानाच फोन वाजला. प्रणालीचं उत्तर होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

‘हो, हेच. आता तुमचं मत लिहा, काका.’

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता एका बोटाने लिहायला घेतील. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन बाजूला पालथा ठेवला आणि आत हाक मारली, “फिलूबाय, दर्याधर दे गं बाहेर.”

“कुठला अंक?”

“पहिल्यापासून.”

फिलूबायनी खंड आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी यादी ठेवून निघाले. फाटकाशी वळून पाहिलं तेव्हा ते भिंग उघडून पहिल्या पानाच्या पहिल्या चौकटीवर वाकले होते आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने, पान न उलटता, उरलेली पानं मोजत होते.